निवाड्याला उरले तिघे

रविवारच्या जेवणाला लोला सियांगच्या, म्हणजे सियांगआजीच्या, उजव्या हाताला लेक आणि डाव्या हाताला मुलगा, अशी बसायची रीत होती. त्या रविवारी हर्मीने मात्र आपली खुर्ची उचलली आणि टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवली.

"मी आज लेक म्हणून आलेय की कॅप्टन म्हणून, ते आधी ठरवा," ती म्हणाली. "लेक असेन तर मला वाढा. कॅप्टन असेन तर मला इथलं पाणीसुद्धा चालणार नाही."

लोला सियांगने काहीही ठरवलं नाही. तिने तुरीचे दाणे, डुकराचं मांस आणि कच्चा फणस घातलेला रस्सा लेकीच्या भातावर ओतला आणि वर आणखी एक हाडाचा तुकडा ठेवला. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही वाढताना तिचा हात थरथरत नसे. हर्मी ही गेल्या निवडणुकीपासून बारांगाय ह्या वस्ती-पंचायतीची कॅप्टन होती. म्हणजे वस्तीतली गटारं, बास्केटबॉलचे सामने, हरवलेली डुकरं आणि शेजाऱ्यांची भांडणं हे सगळं तिच्याच गळ्यात. आणि ह्या महिन्यात जे भांडण तिच्या दारात आलं होतं, ते तिच्या आईचंच होतं.

लोलाच्या घराला लागून, त्याच आवारात, दोन खोल्या आणि एक पडवी आहे. तिथे गेली वीस वर्षं पेतांग भाड्याने राहते. पेतांग विधवा, शिवणकाम करणारी, बोलायला फटकळ. तिच्या एकुलत्या, आता दूर असलेल्या मुलीच्या बाप्तिस्म्याला लोला धर्ममाता म्हणून उभी राहिली होती, तेव्हापासून त्या दोघी एकमेकींना 'कुमारे' म्हणायच्या. ऊन कललं की पेतांग मशीन थांबवून लोलाच्या ओट्यावर यायची, कॉफी आणि पत्ते मांडले जायचे, आणि लोला पानं लपवते की नाही ह्यावर दिवेलागणीपर्यंत वाद चालायचा.

हे सगळं मोडलं ते गावजत्रेच्या झग्यावरून. चर्चच्या साऱ्या बायका मापं द्यायला पेतांगच्या पडवीत जमल्या असताना तिने लोलाच्या कमरेला फीत लावली आणि आकडा खणखणीत आवाजात वाचला, शिकाऊ मुलीने तो लिहून घेतला. बायकांनी ऐकला. वर झगा आला तो इतका घट्ट की मिरवणुकीत लोलाला श्वास जपून घ्यावा लागला. तिने पेतांगशी बोलणं टाकलं. आणि नेमक्या त्याच आठवड्यात तिचा मुलगा, अ‍ॅटर्नी रेनान्ते, शहरातून एक कागद घेऊन आला. त्याच्या मुलाचं, जोमारचं, लग्न ठरलं होतं, नव्या जोडप्याला घर हवं, तर शेजारचं भाड्याचं घर मोकळं करून घेऊ. लोलाने चष्मासुद्धा न लावता सही ठोकली.

पेतांगने नोटीस वाचली, घडी घातली आणि मशीनच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली सारली. "मी कुठेही जाणार नाही, जिथे जायचं तिथे जा म्हणावं," असा निरोप तिने कुंपणावरून पाठवला.

रेनान्ते जिथे जायचं तिथे गेलाच. आधी कोर्टात. तिथल्या कारकुनाने, हसू दाबत, बारांगायमध्ये समेटाचा प्रयत्न झाला होता असा दाखला मागितला. हे रेनान्तेला ठाऊक नव्हतं असं नाही. रोज अशिलांना तो हेच सांगायचा, पण आपलं नाव ऐकून दार जरा लवकर उघडेल असं त्याला वाटलं होतं. मग घरबांधणीच्या कचेरीत गेला. ते म्हणाले, भाडं किती वाढवायचं ते आम्ही सांगतो, कोणी राहायचं नि कोणी जायचं ते आमच्याकडे नाही. नगरपालिकेत गेला, त्यांनी बोटाने त्याच्याच वस्तीची दिशा दाखवली. अशा रीतीने पन्नाशी ओलांडलेला नामांकित वकील फिरून फिरून धाकट्या बहिणीच्या टेबलासमोर येऊन उभा राहिला.

"म्हणजे भाडेकरूंचा कायदा राबवायचा कोणी, तर मी," हर्मी रविवारी भात कालवत म्हणाली. "आणि मी मालकिणीची लेक. पेतांगने माझा लग्नाचा झगा शिवलाय. मी काहीही ठरवलं तरी अर्धी वस्ती म्हणणार आईची बाजू घेतली आणि उरलेली म्हणणार आईला विकलं."

"तू ठरवू नकोस," रेनान्ते म्हणाला. "कायद्यात सोय आहे. समेट समितीतून तिघांचं मंडळ नेमायचं. दोन्ही पक्षांना चालतील असे तिघे."

हर्मीने समितीतल्या माणसांची नावं घेतली आणि घोडं तिथेच अडलं. ज्याच्या पोराच्या बाप्तिस्म्याला आपण उभं राहिलो, तो आपला कुंपारे, त्याची बायको आपली कुमारे, आणि ते पोर जन्मभर आपलंही पोर. लोला सियांग गेली पन्नास वर्षं वस्तीतल्या कुठल्याच आईला नाही म्हणाली नव्हती. समितीतला पहिला मनुष्य तिचा कुंपारे निघाला. दुसरीला तिने स्वतः हातावर घेऊन पाणी शिंपडून घेतलं होतं. तिसरा तिच्या नवऱ्याचा चुलतभाऊ, शिवाय कुंपारे. चौथी पेतांगची कुमारे, तिच्यावर रेनान्तेने हरकत घेतली. पाचवा दोघींचाही कुंपारे होता आणि हे भांडण सुरू झाल्यापासून तो बिचारा दोन्ही घरांना टाळायला लांबच्या रस्त्याने बाजारात जात होता. एकेक नाव बाद होत गेलं तशी लोलाची मान अभिमानाने ताठ होत गेली. सगळ्यांना मीच हातावर घेतलंय, ती म्हणाली, जसं काही ह्यावर बक्षीस मिळणार होतं.

"नानाय, हे चांगलं नाहीये," हर्मी आईला म्हणाली. "तुझ्या गोतावळ्यापायी ह्या वस्तीत कायदाच चालेनासा झालाय."

टेबलाच्या मधोमध जोमार आणि त्याची होणारी बायको लिझेल खाली मान घालून जेवत होती. लिझेलने टेबलाखालून जोमारला लाथ मारली. जोमार पाणी प्यायला. तिने पुन्हा मारली, तो पुन्हा पाणी प्यायला. बाकी कोणाचं तिकडे लक्ष नव्हतं.

शेवटी तिघेच उरले, आणि का उरले हे कळल्यावर रेनान्तेसुद्धा हसला. सर एलिएझर, निवृत्त मुख्याध्यापक, बॅप्टिस्ट. नोएमी, कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानाची मालकीण, शनिवार पाळणाऱ्या ॲडव्हेंटिस्ट पंथाची. ह्या दोघांच्यात पोरांना तान्हेपणी बाप्तिस्मा देत नाहीत, त्यामुळे कुंपारे-कुमारे करायचा प्रश्नच येत नाही. आणि तिसरा कासान, बाजारात पडदे, चादरी आणि ताग्याने कापड विकणारा मारानाव मुसलमान. साऱ्या बारांगायमध्ये लोला सियांगच्या तावडीतून सुटलेली एवढीच मोठी माणसं होती.

*

दिवस ठरवण्यातच सोमवार गेला. शुक्रवारी कासानची नमाज, शनिवारी नोएमीचं चर्च, रविवारी सर एलिएझरांचं. बुधवारी स्वतः लोलाची नोव्हेनाची प्रार्थना, तिथे माता मरियमलाही तारीख बदलून मिळाली नसती. मंगळवार ठरला. खायला काय ठेवायचं ह्यावर आणखी तासभर गेला, कारण तिघांपैकी दोघांना डुक्कर वर्ज्य आणि नोएमीला कॉफीसुद्धा. हर्मीने इबोस सांगितले, नारळाच्या कोवळ्या पानात गुंडाळून उकडलेला चिकट भात, सोबत आंबा. त्याच्यावर कुठल्याच देवाची हरकत नव्हती.

सोमवारी संध्याकाळी रेनान्ते आईजवळ बसला. बारांगायच्या समेटाला वकील चालत नाही. दोन्ही पक्षांनी स्वतः यायचं, स्वतःच्या तोंडाने बोलायचं. तीस वर्षं लोकांच्या वतीने बोलून पोट भरलेल्या माणसाला उद्या खिडकीबाहेर उभं राहावं लागणार होतं, आणि आत त्याची आई बोलणार होती. ती काय बोलेल ह्याची खात्री तिच्या नवऱ्यालाही कधी देता आली नव्हती.

"एकच वाक्य म्हणायचं," त्याने शिकवलं. "घर माझ्या कुटुंबाला हवं आहे. बस. विचारलं तरी दुसरं काही नाही."

"घर माझ्या कुटुंबाला हवं आहे," लोला म्हणाली. मग थोड्या वेळाने म्हणाली, "शेजारचा दिवा अजून लागला नाही. आजारी आहे की काय ती?"

"नानाय."

"घर माझ्या कुटुंबाला हवं आहे," लोलाने मुकाट्याने म्हटलं.

रेनान्तेला तिची दया आली आणि स्वतःचा थोडा रागही. तो वाईट माणूस नव्हता. शहरातल्या घरी निजतानाही त्याचा फोन उशाशीच असायचा, आणि अवेळी वाजला की बायकोच्या आधी तो उठून बसायचा. पण हे असलं काही तो कोणाला सांगत नसे. तो नोटिशी लिहायचा.

*

बारांगायचं सभागृह म्हणजे बास्केटबॉलच्या मैदानाला लागून एक खोली, प्लास्टिकच्या खुर्च्या, बाळांचं वजन करायचा काटा आणि भिंतीला टेकवलेलं जत्रेचं कमानीचं सामान. लोला सियांग आत आली तेव्हा पेतांग आधीच बसली होती, हिरव्या झग्यात, पाठ ताठ, नजर समोरच्या वजनकाट्यावर. ती थोडी वाळलेली वाटली लोलाला. एकटीने जेवते म्हटल्यावर काय खात असणार ही, असं तिच्या मनात आलं, आणि असं मनात आल्याबद्दल तिला स्वतःचाच राग आला.

हर्मीने सुरुवात केली, नियम वाचले आणि आपण फक्त दार उघडायला नि बंद करायला आहोत असं जाहीर करून ती कोपऱ्यात बसली. बाहेर खिडकीच्या गजांना धरून रेनान्ते उभा होता, त्याच्यामागे जोमार आणि लिझेल.

आधी हरकती. कासान पेतांगला कापड विकतो, तो तिच्या बाजूचा असणार, असं रेनान्तेने आईला म्हणायला लावलं होतं. पेतांग म्हणाली, ह्या माणसाने मला वीस वर्षांत एक पैसाही सोडलेला नाही. कासानने मान हलवून ते मान्य केलं. मग पेतांगने नोएमीवर बोट ठेवलं, लोलाच्या रक्तदाबाच्या गोळ्या तीच देते. लोला फणकारली, गोळ्या देते आणि दर वेळी मीठ बंद कर म्हणते, ही कसली माझ्या बाजूची. सर एलिएझरांवर पेतांगला काही म्हणायचं नव्हतं. लोलाला होतं, मुलाने पढवून ठेवलं होतं, की सरांचा रेनान्तेवर जुना राग आहे. कसला राग, सरांनी शांतपणे विचारलं, आणि खिडकीकडे पाहिलं. सातवीत असताना सरांच्या सायकलची हवा कोणी सोडली हे बारांगायच्या दप्तरात लिहिलं जाईल, हे रेनान्तेच्या लक्षात आलं. त्याने बाहेरूनच हात हलवून हरकत मागे घेतली.

"मग सियांगबाई," सर म्हणाले, "काय म्हणणं आहे तुमचं?"

"घर माझ्या कुटुंबाला हवं आहे."

"कुटुंबात कोणाला?"

हे शिकवलेलं नव्हतं. लोलाने खिडकीकडे पाहिलं. "जोमारला," ती म्हणाली.

जोमारला आत बोलावलं. तो वजनकाट्याशेजारी उभा राहिला. तुला हे घर हवंय का, असं नोएमीने विचारलं तेव्हा त्याने आधी बापाकडे पाहिलं, मग आजीकडे, आणि मग प्यायला पाणी कुठे दिसतंय का ते पाहिलं. तेवढ्यात लिझेल आत आली.

"नकोय," ती म्हणाली. "आम्ही शहरात दोन खोल्या बघून ठेवल्यात, माझ्या शाळेच्या जवळ. हा नाताळात सांगणार होता. मग म्हणाला जत्रेनंतर सांगतो. लोला, माझा तुमच्यावर खूप जीव आहे. पण तुमच्या ओट्यावरून त्या घरातलं पातेलं दिसतं. मला नीट भातसुद्धा करता येत नाही. मी तिथे राहिले तर वर्षभरात वेडी होईन."

बाहेर चेंडू एकदा आपटला.

"खरं बोलते पोर," पेतांग वजनकाट्याला म्हणाली. "वीस वर्षं माझ्या रश्शात काही कमी पडलं की ही तिकडून ओरडते."

कासान हसला, मग आपण निवाड्याला बसलोय हे आठवून त्याने तोंडावर रुमाल धरला. रेनान्तेला राहवलं नाही. तो गजांमधून बोलायला लागला, की प्रश्न फक्त जोमारचा नाही, आणि नोएमीने लगेच त्याला थांबवलं. इथे वकिलाला बोलता येत नाही.

कासानने रुमाल खाली ठेवला. "वकिलाला नाही, हे बरोबर," तो सावकाश म्हणाला. "मुलाला बोलायला बंदी आहे का? आमच्याकडे आईच्या भांडणात मुलाला बाहेर उभं करत नाहीत."

तिघांनी डोकी एकत्र केली. मुलाला एकदाच, थोडक्यात, आणि कायद्याचा एकही शब्द न वापरता बोलायला परवानगी मिळाली. रेनान्ते आत आला. उभं राहून बोलायची त्याला एवढी सवय, पण आता हात कुठे ठेवावेत ते त्याला कळेना.

"नानाय एकटी असते," तो म्हणाला. "मी तिथे शहरात. रात्री फोन वाजला की छातीत धस्स होतं. शेजारी आपलं माणूस असावं, एवढंच माझ्या मनात होतं. जोमार इथे राहिला असता तर मला झोप लागली असती."

लोला सियांगने मुलाकडे पाहिलं. इतका मोठा झाला, केस पांढरे झाले, आणि भीती वाटते म्हणून सांगायला ह्याला नोटीस काढावी लागली.

"तोतो, मागच्या पावसाळ्यात मी न्हाणीघरात पडले होते," ती त्याला लहानपणीच्या हाकेने म्हणाली.

रेनान्ते आणि हर्मी दोघं एकदमच तिच्याकडे वळली.

"तुम्हाला सांगितलं नाही. तू लगेच मला शहरात नेऊन ठेवलं असतंस. मी हाकसुद्धा मारली नव्हती. नळ चालूच राहिला म्हणून हिला संशय आला, कोणाच्या तरी लग्नाचा झगा अर्धा टाकून ही धावत आली. दार खांद्याने उघडलं. मला उचलून बसवलं, पाय चोळला, आणि वर शिव्या दिल्या." लोलाने नाक पुसलं. "शेजारी आपलं माणूस आहे, तोतो. वीस वर्षं आहे."

"मग सही का केलीस?" रेनान्तेने विचारलं.

"तिने माझ्या कमरेचा आकडा साऱ्या चर्चसमोर वाचला म्हणून."

आता पेतांग पहिल्यांदाच तिच्याकडे वळली. तिचे डोळे लाल झाले होते, पण आवाज अगदी नेहमीचा होता. "मी आकडा कमी करून वाचला होता, कुमारे. सगळ्या बायका कान देऊन ऐकत होत्या, तुझी लाज राखावी म्हणून दोन इंच खाल्ले मी. पोरीने ऐकलं तेच लिहिलं आणि तसंच कापलं. झगा घट्ट का झाला असं तुला वाटलं?"

जो तो दुसऱ्याकडे बघायचं टाळत होता, पण सर एलिएझरांचे खांदे आधी हलले. मग नोएमी हसली, मग हर्मी, आणि मग लोला सियांग स्वतः, पोट धरून, खुर्ची करकरेपर्यंत. रेनान्ते हसला नाही. तो वजनकाट्याला टेकून उभा होता आणि न्हाणीघराचाच विचार करत होता. मग त्याने पेतांगच्या खांद्यावर हात ठेवला आणि काहीतरी पुटपुटला. पेतांगने तो हात झटकला नाही.

करारनामा सरांच्या अक्षरात लिहिला गेला. पेतांगने हवी तितकी वर्षं तिथे राहावं, लोलाने नोटीस मागे घ्यावी. लोला ओट्यावरून कोणाच्या स्वयंपाकाबद्दल ओरडणार नाही, असंही कलम पेतांगला हवं होतं. सर म्हणाले हे कायद्यात बसत नाही. नोएमी म्हणाली बसवा, लोलाचं मिठाचं वेड त्यानेच कमी होईल. शेवटी ते कलम बाहेर राहिलं. लोलाने सही केली, ह्या वेळी चष्मा लावून आणि वाचून. मग कागद पेतांगपुढे सरकला.

पेतांगने पेन उचललं आणि परत ठेवलं.

"काय झालं?" हर्मीने विचारलं.

"कुमारे, तुला राग येऊ नये," पेतांग म्हणाली, आणि आता तिचा आवाज नेहमीचा नव्हता. "पण तुझं वय काय, माझं वय काय. हा कागद तू आहेस तोवर. तुझ्यामागे घर रेनान्तेचं, त्याच्यामागे आणखी कोणाचं. हर्मी तेव्हा कॅप्टन नसेल. कोणाला तरी कधीतरी जागा हवीच असणार. तेव्हा परत एक नोटीस येईल आणि मी सत्तर वर्षांची असेन. ही मशीन घेऊन मी कुठे जाऊ?"

हसू विरून गेलं. मी असं करणार नाही म्हणून रेनान्तेने सांगावं, तर महिन्यापूर्वीच त्याने तसं केलं होतं. सर एलिएझरांनी चष्मा काढून पुसला. नसलेली हमी कागदावर लिहिता येत नाही, हे त्यांना कळत होतं.

लोला सियांग उठली आणि इबोसची परात घेऊन तिघांकडे गेली. आधी सरांच्या ताटलीत ठेवले, मग नोएमीच्या, मग कासानच्या. आंबा कापून दिला. खाताहेत की नाही ते पाहिलं. आईकडे कठीण प्रश्न आला की ती वाढायला लागते, हे हर्मीला लहानपणापासून माहीत होतं, त्यामुळे तिने तिकडे फार लक्ष दिलं नाही.

"जोमारचं लग्न आहे," लोला वाढता वाढता म्हणाली. "पोरांना निनोंग-निनांग हवेत, बाप्तिस्म्याला असतात तसेच लग्नाचे धर्म-आईबाप. तुम्ही तिघे व्हा."

सरांचा घास हातातच राहिला. ते म्हणाले, आपण बॅप्टिस्ट, चर्चमध्ये कसं उभं राहणार. लोला म्हणाली, चर्चच्या आधी महापौरांच्या कचेरीत लग्न लागतंय, तिथे कुठलाच देव नसतो, नुसता पंखा असतो. तिथे उभं राहायचं आणि सही करायची. नोएमीने विचारलं, शनिवारी तर नाही ना. नाही. कासानने इबोसचं पान नीट घडी करून बाजूला ठेवलं आणि जोमारकडे पाहिलं, तिथून लिझेलकडे. ही मुलगी खरं बोलते, तिच्यासाठी उभं राहायला मला आवडेल, असं तो म्हणाला. लिझेल लाजली. जोमारने, ह्या दिवसातलं पहिलं शहाणपणाचं काम म्हणून, तिघांच्याही पाया पडल्यासारखा त्यांचा हात कपाळाला लावून घेतला. झालं, नातं जुळलं. एलिएझर, नोएमी आणि कासान हे आता जोमारचे धर्ममाता-पिता, म्हणजे त्याच्या बापाचे, रेनान्तेचे, कुंपारे आणि कुमारे.

हर्मीने डोक्याला हात लावला.

"नानाय, काय केलंस हे? हेच तिघे उरले होते. उद्या त्या घराचं काही निघालं, मानोंगने, ह्या माझ्या थोरल्या भावाने, परत तक्रार आणली, तर मी बसवू कोणाला? सगळेच्या सगळे त्याचे नातलग. पेतांग एकेकावर हरकत घेईल आणि ती खरीच असेल. मंडळ बसलंच नाही तर दाखला नाही, आणि दाखला नाही तर कोर्ट दारात उभंसुद्धा करत नाही. ह्याच्यापुढे ह्या वस्तीत तो कायदा राबवायला माणूसच उरला नाही."

"नाही उरला," लोला सियांग म्हणाली आणि बोटं पदराला पुसावीत तशी झग्याला पुसली.

रेनान्तेने आईकडे पाहिलं. तीस वर्षांची वकिली त्याच्या डोळ्यांसमोरून गेली असावी, कारण तो आधी कपाळाला आठ्या घालून उभा राहिला, मनातल्या मनात पळवाट शोधत, आणि ती न सापडल्यावर हळूहळू हसायला लागला. हर्मीला समजायला थोडा वेळ लागला.

पेतांगला लागला नाही. तिने कागद स्वतःकडे ओढला आणि सही केली.